साधन आणि साधना

वाद्यांच्या दुकानात एक तरुण उभा आहे. त्याच्या खांद्यावर विजेवर वाजणारी गिटार आहे आणि समोर एक नवाकोरा ध्वनिवर्धक मांडून ठेवलेला आहे. वादक मंडळी त्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. त्याची किंमत गिटारीच्या किमतीहून कितीतरी अधिक आहे. तरुणाच्या घरी एक लहानसा ध्वनिवर्धक आहे आणि तो बिघडलेलाही नाही. परंतु हा नवा घरी नेला, म्हणजे वादन एकदम खुलेल, असे त्याचे मन सांगते; आणि दोन वर्षे साठविलेले पैसे एका दिवसात संपतील, असे त्याची बुद्धी बजावते. अशा वेळी त्याने काय करावे?

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. चित्रकाराला उंची रंगांचा, सुताराला परदेशी हत्यारांचा, विद्यार्थ्याला महागड्या संगणकाचा असाच मोह पडतो. त्याविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. काही जण म्हणतात, ‘कला बोटांत असते, साधनात काय आहे?’ दुसरे म्हणतात, ‘उत्तम कलेला उत्तम साधन हवेच, तेथे पैशाकडे पाहू नये.’ दोन्ही मते ऐकावयास बरी वाटतात. परंतु दोन्ही अपुरी आहेत.

पहिले मत विजेच्या गिटारीच्या बाबतीत तर मुळीच टिकत नाही. सतारीच्या भोपळ्यात किंवा साध्या गिटारीच्या पोकळ पेटीत तारेचा नाद घुमतो व मोठा होतो. विजेची गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. तिची तार छेडली, तर जवळ बसलेल्यालाही आवाज जेमतेम ऐकू येतो. तारांखाली बसविलेली चुंबके आणि त्यांभोवतीची बारीक तारेची वेटोळी त्या कंपनांचे अतिशय क्षीण विद्युत्प्रवाहात रूपांतर करतात. ध्वनिवर्धक तो प्रवाह वाढवितो आणि कर्ण्यातून त्याचा पुन्हा नाद होतो. हे करीत असता ध्वनिवर्धक त्या नादाला स्वतःचा रंगही चढवितो. त्यामुळे तो वाद्याचाच अर्धा भाग ठरतो. तो निकृष्ट असेल, तर बोटांतील बारकावे श्रोत्यांपर्यंत पोचणारच नाहीत. तेव्हा साधनावर केलेला प्रत्येक खर्च ही उधळपट्टी आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या मताची परीक्षा करावयाची, तर इंग्लंडमधील ब्रायन मे या वादकाची हकीकत उपयोगी पडेल. ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचा तो गिटारवादक. याच वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे बरेचसे शालेय शिक्षण महाराष्ट्रात पाचगणी येथे झाले होते. १९६३ साली ब्रायन सोळा वर्षांचा होता. नामांकित कारखान्याची गिटार विकत घेणे त्याच्या कुटुंबाला परवडण्यासारखे नव्हते. त्याचे वडील विद्युत्-यंत्रांचे जाणकार होते. बापलेकांनी घरीच गिटार तयार करावयास घेतली. शेकोटीवरच्या जुन्या लाकडातून तिची मान कोरण्यात आली. जुन्या मोटारसायकलीच्या स्प्रिंगा, सुरीचे पोलादी पाते, आईच्या विणकामाच्या सुईचे टोक, अशा घरगुती वस्तू तिच्या कामी आल्या. हे काम सुमारे दोन वर्षे चालले आणि खर्च आला अवघा आठेक पौंड! हीच गिटार घेऊन ब्रायन पुढे जगभर वाजवीत फिरला.

काटकसरीचे गोडवे गाणारे बहुधा एवढेच सांगून थांबतात. परंतु त्यापुढील भागही लक्षात घेण्यासारखा आहे. ब्रायनने गिटारीसाठी चुंबकांची वेटोळीही प्रथम घरीच गुंडाळली होती. वाजविताना तार ओढून स्वर चढविला, की त्यांतून नको असलेला आवाज येऊ लागे. तेव्हा त्याने ‘बर्न्स’ या कंपनीची तयार वेटोळी विकत आणून बसविली. घरची वस्तू जेथे पुरली, तेथे त्याने पैसा वाचविला. जेथे ती उणी पडली, तेथे खर्च केला.

ध्वनिवर्धकाच्या बाबतीतही असेच घडले. लंडनमध्ये शिकत असताना ब्रायनने रोरी गॅलाहर या आयरिश वादकाची गिटार ऐकली. तो नाद त्याच्या मनात भरला. कार्यक्रम संपल्यावर त्याने गॅलाहरलाच गाठले आणि हा नाद कशातून येतो, असे विचारले. ‘व्हॉक्स’ कंपनीचा ‘एसी-३०’ नावाचा ध्वनिवर्धक आणि स्वर उजळविणारी एक छोटी पेटी यांतून तो येत होता. मग ब्रायनने जुन्या मालातील ‘एसी-३०’ शोधून काढले, स्वतःची गिटार जोडून ते वाजवून पाहिले आणि खात्री पटल्यावर विकत घेतले. पुढे त्याच्या रंगमंचावरील वादनात हाच ध्वनिवर्धक कायम झाला. या यंत्राचा जन्मही गरजेतूनच झाला होता. १९५९ च्या सुमारास इंग्लंडमधील मोठ्या सभागृहांत तरुण श्रोत्यांचा गलका इतका होऊ लागला, की ‘शॅडोज’सारख्या वाद्यवृंदांना १५ वॅट शक्तीचा ध्वनिवर्धक अपुरा पडू लागला, म्हणून ३० वॅटचा बनविण्यात आला.

परंतु याच ब्रायनच्या हाती आणखी एक ध्वनिवर्धक होता. १९७२ साली त्याचा सहकारी जॉन डीकन याला लंडनच्या रस्त्यावर, टाकून दिलेल्या सामानात, एका जुन्या यंत्राचा विद्युत्-भाग सापडला. डीकन विद्युत्-यंत्रशास्त्र शिकलेला होता. त्याने तो भाग एका लहानशा कर्ण्याच्या खोक्यात बसविला आणि त्याला बॅटरी जोडली. त्या खोक्याला आवाज कमीजास्त करण्याची कळदेखील नव्हती. परंतु त्यातून निघणारा नाद विलक्षण होता. १९७५ साली ‘क्वीन’ने ध्वनिमुद्रित केलेल्या एका गीतात संपूर्ण जाझ वाद्यवृंद वाजत असल्याचा भास होतो, तो ब्रायनने आपल्या गिटारीने आणि या खोक्यानेच निर्माण केला होता. सभागृहात हे खोके निरुपयोगी ठरले असते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्याला तोड नव्हती.

किंमत आणि मोल यांतील भेद येथे स्पष्ट होतो. किंमत दुकानदार ठरवितो. मोल काम ठरविते. म्हणून दुकानात उभ्या असलेल्या त्या तरुणाने ‘हा ध्वनिवर्धक चांगला आहे काय?’ असे विचारून भागणार नाही. तो चांगला असेलही. ‘आज जे वाजवायचे आहे, त्यातील काय जुन्या ध्वनिवर्धकामुळे अडले आहे?’ असे त्याने विचारावयास हवे. जुन्यातून सूर फाटतात, सहकाऱ्यांच्या वाद्यांत गिटार बुडून जाते, कार्यक्रमाच्या ऐन वेळी यंत्र दगा देते, असे काही नेमके उत्तर मिळाले, तर नवा घेणे योग्यच ठरेल. उत्तर मिळत नसेल, तर दोष यंत्राचा नसून सरावाचा असण्याचा संभव अधिक. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण अशा वेळी स्वतःलाच सांगावयाची असते.

मोठ्या आकड्यांनीही त्याने भुलून जाऊ नये. यंत्राची शक्ती दहापट वाढविली, तेव्हा कोठे कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे ५० ऐवजी १०० वॅटचा ध्वनिवर्धक घेतला, तरी आवाज थोडासाच मोठा भासतो. शिवाय जुन्या पद्धतीचे, काचेच्या व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक बरेच मोठ्याने वाजविले, म्हणजेच त्यांचा खरा भरदार नाद उमटतो. लहान खोलीत, भिंतीपलीकडे शेजारी असताना, मोठे यंत्र तसे वाजविताच येत नाही. ज्या शक्तीसाठी पैसे मोजले, ती कायम कोंडून ठेवावी लागते.

खरेदीपूर्वीची परीक्षाही प्रामाणिक असावी. वादकाने स्वतःची गिटार दुकानात न्यावी, नेहमीची रचना वाजवावी आणि दोन्ही ध्वनिवर्धकांचा आवाज सारखाच ठेवून नाद ऐकावा. कारण जो आवाज किंचित मोठा असतो, तोच कानाला अधिक चांगला वाटतो. शक्य तर किमतीची चिठ्ठी पाहण्यापूर्वीच मनाचा कौल घ्यावा. मग घरी परतून काही दिवस जाऊ द्यावेत. केवळ नवेपणाची ओढ असेल, तर ती ओसरेल. खरी गरज असेल, तर ती रोज सरावाच्या वेळी आठवण करून देईल.

पैसा कोठून येणार, याचाही विचार टाळता येत नाही. साठविलेल्या पैशातून केलेली खरेदी आनंद देते. ऋण काढून सण करणाऱ्याच्या आनंदावर मात्र हप्त्यांची छाया पडते, आणि घरातील ज्या माणसांनी वादकाला सरावासाठी वेळ व शांतता दिली, त्यांच्यावरच पुष्कळदा तिचा भार येतो. तेवढ्याच पैशात चांगल्या शिक्षकाकडे वर्षभर शिकता येत असेल, तर तेही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घालावयास हवे.

एवढे सर्व करूनही त्या तरुणाचा कौल नव्या ध्वनिवर्धकाच्या बाजूने पडला, तर त्याने तो निःसंकोच घ्यावा. महाग म्हणून नाकारण्यात काही थोरवी नाही. आणि कौल विरुद्ध पडला, तर त्याने घरी जाऊन तोच लहानसा जुना ध्वनिवर्धक चालू करावा आणि वाजवावयास बसावे. साधन सुटून गेले, तरी ते पुन्हा मिळू शकते. दुकानाच्या दारात मोहाने घालविलेली सरावाची संध्याकाळ मात्र पुन्हा मिळत नाही.