'माजी' या शब्दाचा आडोसा

आषाढ-श्रावणात पुण्याहून ताम्हिणीला येणारे टपाल भिजूनच येते, आणि घाटात दरड कोसळली म्हणजे पौडला दोन दिवस मुक्काम करून येते. त्यामुळे ज्या लेखाचे हे खंडन आहे तो माझ्या हाती पडेपर्यंत त्याच्या कर्त्याची चार ठिकाणी वाहवाही होऊन गेली असेल. उशिरा बोलणाऱ्याचा राग निवलेला असतो असे म्हणतात. माझा निवलेला नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

सदर विद्वान गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे. पत्रकाराच्या खुनात एखाद्या माजी पोलीस अधिकाऱ्याचे नाव आले की वृत्तपत्रे 'माजी' हा शब्द बारीक टायपात आणि 'पोलीस' हा शब्द ठळक टायपात छापतात, हा अन्याय होय. सेवेतून मोकळा झालेला इसम तुमच्याआमच्यासारखाच सामान्य नागरिक, त्याच्या कृत्याचा डाग वर्दीला लावल्याने दलाचे मनोधैर्य खचते. शिवाय असले खटले अखेर निर्दोष सुटकेतच संपतात. आणि पत्रकार तरी कुठे धुतल्या तांदळासारखे असतात? उरलेली पाने बंदोबस्तातल्या शिपायांच्या हालअपेष्टांवर खर्ची पडली आहेत. त्यांविषयी वाद नाही. भर पावसात घाटाच्या तोंडाशी उभे राहून मद्यधुंद पर्यटकांच्या गाड्या वळविणारा शिपाई मी दर शनिवारी पाहतो आणि मनोमन त्याला नमस्कार करतो.

शेवटच्या मुद्द्यापासून आरंभ करतो, कारण तो एका वाक्यात आटोपतो: धुतल्या तांदळासारखे नसणे हा दंडविधानात देहान्ताचा अपराध नाही. मनोधैर्याविषयी इतकेच, की ज्या दलाचे धैर्य एका आरोपपत्राने खचते त्याची मूळची शिल्लक किती होती याचीच आधी चौकशी व्हावी.

आता 'माजी'. विद्वान गृहस्थांची सारी इमारत या दोन अक्षरांवर उभी आहे, म्हणून तेथे थोडे रेंगाळणे भाग आहे. ७ ऑक्टोबर २००६ रोजी मॉस्कोत आन्ना पोलित्कोव्स्काया या पत्रकार स्त्रीला तिच्या राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. या खुनात पाळत ठेवण्याचे आणि मारेकऱ्याला हत्यार पुरविण्याचे काम ज्याने केले त्या द्मित्री पाव्ल्युचेन्कोव्हला डिसेंबर २०१२ मध्ये अकरा वर्षांची सजा झाली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी 'माजी पोलीस अधिकाऱ्यास शिक्षा' असाच मथळा दिला. परंतु २००६ साली हा इसम काय होता? मॉस्को पोलिसांच्या पाळत ठेवणाऱ्या पथकाचा प्रमुख होता. युक्रेनमध्ये १६ सप्टेंबर २००० रोजी गिओर्गी गोंगाद्झे हा पत्रकार नाहीसा झाला आणि नोव्हेंबरात किएव्हपासून दूर ताराश्चाच्या जंगलात त्याचे शिरविरहित प्रेत मिळाले. त्या खुनाबद्दल २०१३ साली जन्मठेप झालेला ओलेक्सी पुकाच हाही मथळ्यांत 'माजी'च होता, आणि खुनाच्या रात्री मात्र तो गृहखात्याच्या पाळत विभागाचा विद्यमान प्रमुख होता. म्हणजे गुन्हा वर्दीतला आणि 'माजी'पणा कॅलेंडरातला. खून आणि अटक यांच्यामध्ये तपासाने जी पाच-नऊ वर्षे घालविली त्यांनी या माणसांना माजी केले. विलंब करणारे तेच खाते, आणि त्या विलंबातून निपजलेल्या विशेषणाचा लाभ घेणारेही तेच! आपल्या शेतातला बांध आपणच फोडून पाणी शेजाऱ्याने चोरल्याची फिर्याद देण्यापैकी हा प्रकार आहे.

विद्वान गृहस्थांच्या बाजूने एक उदाहरण मीच देतो, कारण त्यांनी ते शोधलेले दिसत नाही. स्लोव्हाकियात फेब्रुवारी २०१८ मध्ये यान कुचियाक हा तरुण पत्रकार आणि त्याची वाग्दत्त वधू यांचे खून झाले. त्यात पंचवीस वर्षांची सजा झालेला तोमाश साबो हा खरोखरच आधीच पोलिसांतून बाहेर पडलेला होता. येथे 'माजी' शब्द अक्षरशः खरा आहे. तरीही मी विचारतो, की वर्दी खुंटीला टांगताना तिच्याबरोबर मिळवलेले ज्ञान माणूस खुंटीला टांगू शकतो काय? पाळत कशी ठेवावी, कोणता पुरावा टिकतो आणि कोणता विरतो, पंचनाम्यात कोणती जागा कच्ची राहते, ही विद्या सरकारी खर्चाने शिकवली जाते आणि निवृत्तीच्या दिवशी जामदारखान्यात जमा करून घेतली जात नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एक निवृत्त फौजदार राहतात. घाटात कुठे बेवारस प्रेत सापडल्याची वर्दी आली, की तपासाची जीप कधीकधी त्यांच्या अंगणाशी थांबते आणि 'आप्पा, जरा येता का?' असे नवा अधिकारी अदबीने विचारतो. कारण कोणत्या वळणावरून काय खाली टाकतात आणि ते पावसाळ्यात कोणत्या ओहोळाने वाहून येते हे आप्पांइतके कुणाला ठाऊक नाही. सज्जन माणूस असल्यामुळे ते ही विद्या सत्कार्याला लावतात, एवढेच. गावात त्यांना कुणी माजी फौजदार म्हणत नाही.

किंबहुना 'माजी' ही कल्पनाच आमच्या मावळ मुलखाला फारशी रुचलेली नाही. पाटीलकीचे वतन १९६२ च्या कायद्याने गेले, तरी पाटलाचा वाडा पाटलाचाच राहिला. याच विषयावर पूर्वी एका सुधारकाशी माझी वर्षभर खडाजंगी झाली होती आणि कायद्याने पद जाते तेव्हा वजनही जाते असे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्यांना मी एकदा उन्हाळ्यात मुळशीच्या धरणावर नेले. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या गावांसाठी सत्याग्रह झाला ती गावे टाटांच्या जलाशयाखाली जाऊन आता शंभर वर्षे होत आली. सरकारी दफ्तरात ती माजी आहेत. वैशाखात पाणी उतरले की जुने चौथरे उघडे पडतात. सुधारक चौथऱ्यावर बसून डबा जेवले आणि मत न बदलता परतले.

कायद्याला तरी 'माजी'पणाची मातब्बरी वाटते काय? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून वरिष्ठ लोकसेवकावर खटला भरू नये हे जे संरक्षण कलम १९७ ने दिले होते, ते पदावर असलेल्यापुरते होते. १९७३ च्या संहितेने त्यात 'आहे' याला 'किंवा होता' अशी पुष्टी जोडली, आणि कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यांपुरते ते संरक्षण निवृत्तालाही मिळाले. खून हे कर्तव्य नव्हे, हे खरे. परंतु छत्री उघडताना निवृत्त अधिकारी सेवेतला आणि चिखल उडताना सामान्य नागरिक, ही दुहेरी वहिवाट विद्वान गृहस्थांनी एकदा समजावून द्यावी. निवृत्तिवेतन तर दरमहा पूर्वीच्या हुद्द्याच्याच हिशेबाने पोहोचते.

निर्दोष सुटकेचा मुद्दा त्यांनी मोठ्या थाटाने मांडला आहे. २३ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत 'इंडियन एक्स्प्रेस'च्या शिवानी भटनागर यांचा राहत्या घरी खून झाला. तान्हे मूल घरात होते. हरियाणाच्या पोलीस सेवेतील महानिरीक्षक दर्जाचे अधिकारी रविकांत शर्मा हे यात मुख्य आरोपी झाले, काही आठवडे बेपत्ता राहून सप्टेंबर २००२ मध्ये अंबाल्याच्या न्यायालयात शरण आले, मार्च २००८ मध्ये त्यांना जन्मठेप झाली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी तुटते म्हणून त्यांना मुक्त केले. तो निर्णय शिरोधार्य आहे, आणि त्यानंतरही त्यांना खुनी म्हणणारा माणूस माझ्या मते अप्रामाणिक आहे. परंतु विद्वान गृहस्थांनी निकाल येथपर्यंतच वाचलेला दिसतो. शर्मांबरोबर दोघे सुटले. चौथ्याची जन्मठेप मात्र त्याच निकालाने कायम केली. मारेकरी आहे, त्याला पाठविणारा कुणी नाही, आणि एका अनोळखी घरात शिरून एका अनोळखी स्त्रीला मारण्याचे त्याला कारणही नाही! अशा निकालातून पोलिसांच्या निष्कलंकतेचा दाखला मिळत नाही. तपास अपुरा होता याचा मिळतो.

आणि आमच्या मुंबईचे उदाहरण त्यांनी पत्रकारांविरुद्ध वापरले आहे, त्यात मात्र त्यांच्या हाती अर्धे सत्य लागले आहे. ११ जून २०११ रोजी पवईत 'मिड-डे'चे ज्योतिर्मय डे यांच्यावर भर दुपारी गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा पहिल्या काही दिवसांत एका सहायक पोलीस आयुक्ताचे नाव पत्रकारांनीच घेतले, त्यांची बदली झाली, चौकशी झाली, आणि आरोपपत्रात ते नाव कधीच आले नाही. म्हणूनच मीही ते येथे लिहीत नाही. पुढे त्याच नोव्हेंबरात जिग्ना व्होरा या पत्रकार स्त्रीला अटक झाली, आणि तिच्याविषयी रकानेच्या रकाने तिच्याच व्यवसायबंधूंनी भरले. २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली आणि तिला निर्दोष सोडले. दोन्ही वेळा वृत्तपत्रांनी घाई केली, ही कबुली मी बिनशर्त देतो. तथापि तुलना करून पाहावी: ज्याच्यावर संशय आला त्या पोलीस अधिकाऱ्याची बदली झाली, जिच्यावर संशय आला त्या पत्रकार स्त्रीला भायखळ्याचा तुरुंग मिळाला. विद्वान गृहस्थांच्या मते अन्याय पहिल्यावर झाला.

मग करावे काय, असे कुणी विचारील. माझी मागणी लहान आहे. ज्या तपासात संशयित व्यक्ती पोलीस दलात आहे किंवा होती, तो तपास तिने जेथे कधीच नोकरी केलेली नाही अशा यंत्रणेकडे पहिल्या दिवसापासून जावा. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग प्रकरणात पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा हुकूम दिला, आपल्या राज्याने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून तशी तरतूदही केली. त्या प्राधिकरणाला स्वतःचे तपासी मनुष्यबळ द्यावे. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा संमत केला, त्यात तपास उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये असे म्हटले आहे; पण हल्लेखोरच त्या दर्जाचा किंवा वरचा निघाला तर काय, हे लिहायचे राहिले. आणि निवृत्तिवेतन नियमांतील सत्ताविसाव्या नियमाप्रमाणे, निवृत्तीनंतर खातेनिहाय चौकशी सुरू करायची तर घटना चार वर्षांहून जुनी असता कामा नये; खुनाच्या तपासाला नऊ वर्षे लागतात त्या जगात ही मुदत कुणाच्या सोयीची, तेही पाहावे. वृत्तपत्रांना एक सूचना: मथळ्यात 'माजी' जरूर छापावे, पुढे 'गुन्ह्याच्या दिवशी विद्यमान' एवढे तीन शब्दांचे शेपूट जोडावे. टाईप बारीक चालेल.

विद्वान गृहस्थांचा अंक मी चुलीवरच्या फळीवर वाळत घातला आहे. कलम १९७ मधला 'किंवा होता' हा भाग समासात उतरवून तो त्यांना परत पाठवावा असा विचार आहे. परंतु काल रात्रीपासून पाऊस थांबलेला नाही आणि पौडच्या अलीकडे रस्त्यावर पुन्हा दगड आल्याचे आप्पा आत्ताच सांगून गेले.