खटखट कमी, हात हलका

मैत्रिणींनो, कुणी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करतं, कुणी दुकानाचे हिशेब. पण निवांत वेळ मिळतो तो मुलं झोपल्यावरच! मग दोन खोल्यांच्या घरात कीबोर्डची खटखट सुरू झाली की सगळेच जागे होतात. मिक्सर बिघडला तर आपण त्याच दिवशी दुरुस्तीला देतो. आपल्या कामाच्या साधनाची पाळी मात्र सर्वांत शेवटी. म्हणून आज 'मेकॅनिकल' कीबोर्डविषयी थोडंसं.

यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. चेरी या जर्मन कंपनीचे एमएक्स स्विच १९८०च्या दशकात आले. त्याच घडणीचे स्विच आता गेटरॉन, कैल अशा चिनी कंपन्याही करतात. चेरीचा लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी वाटेत किंचित अडखळतो आणि निळा मुद्दाम टिकटिकतो. रात्री काम करणारीनं निळा घेऊच नये, बरं का! लाल स्विच ४ मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे बटण तळापर्यंत आपटायची गरजच नाही. एवढी सवय लावली तरी बोटं कमी दुखतील.

नवा कीबोर्ड घेताना तो 'हॉट-स्वॅप' आहे ना, हे आधी विचारा. त्यातले स्विच सोल्डरिंग न करता उपसून बदलता येतात. स्विच तीन पायांचे आणि पाच पायांचे मिळतात. कीबोर्डला तीनच पायांची सोय असेल, तर पाचांपैकी प्लॅस्टिकचे दोन बारके पाय कापून टाकता येतात. मोठ्या कीबोर्डला साधारण १०४ आणि आटोपशीर कीबोर्डला ८७ स्विच लागतात. पण एकदम सगळे मागवू नका. साडीचा पोत हातानं पाहतो ना, तसे आधी चार-पाच मागवून बोटांनी दाबून पाहा.

खरखर घालवायची तर स्विच उघडून दांडीच्या बाजूंना आणि स्प्रिंगला स्विचसाठीचं खास ग्रीस बारीक ब्रशनं अगदी पुसटसं लावा. शिवणयंत्राचं किंवा खोबरेल तेल मुळीच नको. ते ओघळून धातूच्या पत्तीवर जातं. तपकिरी स्विचच्या दांडीचे पुढचे दोन पाय कोरडेच ठेवा, नाहीतर तो अडखळणं विसरेल! स्विच परत बसवताना वायर काढून ठेवा, आणि धातूचे पाय सरळ आहेत ना ते पाहूनच दाबा. वाकलेला पाय म्हणजे मुका स्विच.

आणि हो, हा खर्च घरखर्चाच्या वहीत 'हौस' म्हणून मांडू नका. 'कामाचं साहित्य' असंच लिहा!