रमजानचा ऋतू बदलतो, दस्तरखान का बदलत नाही?

मुसलमानाच्या घरी भाजी शिजतच नाही, असा एक समज आहे. शेजारीपाजारी तो हसत सांगतात, त्याचा मला फारसा राग येत नाही. आपणच तो अभिमानाने मिरवतो, याचा येतो.

पाहुण्यांपुढे गोश्त नसलं की आपली इज्जत जाते. "आज नुसती भाजीच?" असं विचारून बाईचा दिवसभराचा कष्ट एका वाक्यात निकालात काढता येतो. ही आपली रीत कधीपासून झाली?

मराठवाड्यात चिंचेला कोवळा पाला फुटला की चिगूर-गोश्त होत असे. थंडीत हरभऱ्याचा पाला, एरवी अंबाडा. पावभर गोश्तात दोन जुड्या भाजी घातली की आठ माणसांचं सालन होई. कोकणात आज १ जून ते ३१ जुलै मासेमारीला कायद्याने बंदी असते. पूर्वी खवळलेला समुद्रच ती घालायचा. म्हणून सुके बोंबील, सोडे, आमसुलं उन्हाळ्यातच डब्यात भरली जात. ऋतू पाहून बेत ठरवणं आपल्या आज्या-नान्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता रमजान पाहा. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरतो. २०१६ साली तो जूनमध्ये होता, २०२६ साली फेब्रुवारीत आला. २०३० साली तर जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीस, असा दोनदा येईल. पण आपली इफ्तारी तीच: भजी, समोसे आणि तीच कापलेली फळं, मग ती कितीही महाग असोत. जानेवारीत पेरू, बोरं, आवळे बाजारात ढिगाने पडलेले असताना आपण कलिंगड शोधत फिरतो.

"दिवसभर रोजा धरून मनासारखं खायचंही नाही का?" असं कुणी म्हणेल. जरूर खा. खजुराशीही माझं भांडण नाही. तो सुकवलेला असतो, वर्षभर टिकतो. पण इसराफवर जुम्याचा खुतबा ऐकायचा आणि घरी येऊन बेमोसमी फळांवर दुप्पट पैसे घालवायचे, हे मला पटत नाही. नबी (स.) यांना दुधी आवडायचा, ही हदीस आपल्याला पाठ असते, ताटात दुधी आला की मात्र तोंड वाकडं होतं.

एक आक्षेप खरा आहे. पालेभाजी निवडायला वेळ लागतो आणि तो बाईचाच जातो. म्हणून माझं म्हणणं पुरुषांना आहे. आठवडी बाजारात स्वतः जा, स्वस्त आणि ताजं दिसेल ते आणा, आणि जुडी निवडायलाही बसा. बेत बाजारानंतर ठरवा, आधी नाही. हे जमत नसेल, तर निदान "नुसती भाजीच?" हा प्रश्न तरी तोंडातून काढू नका.