एकच गोळी : जवळची आणि लांबची

अमेरिकेंत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या एका वाचक भगिनींनीं आमच्याकडे एक चमत्कारिक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या शेजारचे गृहस्थ दर वर्षीं हरणाच्या शिकारीस जात. आणि त्यापूर्वीं महिनाभर त्यांच्या ओसरीवर मित्रमंडळींचा जो वाद चाले, तो बंदुकीविषयीं नव्हे, तर गोळीविषयीं! “दोन बोटांत मावणाऱ्या धातूच्या तुकड्यावर एवढा खल कशासाठीं?” असें त्या विचारतात. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक बंद झाला, आणि तो बंद झाला हें आमच्या मतें फार चांगलें झालें. तेव्हां हा विषय आमच्या बहुतेक वाचकांस बंदूक हातीं न धरतांच समजून घ्यावयाचा आहे. परंतु तो समजून घेण्यासारखा खास आहे. कारण ह्या खलाच्या मुळाशीं मुक्या जनावराच्या यातनांचा प्रश्न आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, काडतूस म्हणजे गोळी नव्हे. काडतुसांत पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं ठिणगी पाडणारी टोपी, आंत दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी असे चार भाग असतात. उडून जाते ती एवढी गोळीच. तिकडे अत्यंत रूढ असलेल्या ‘थर्टी-ऑट-सिक्स’ काडतुसांत १८० ग्रेन वजनाची गोळी नेहमीं घालतात. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस हा आंकडा ओळखीचा वाटेल. इंग्रजी अमदानींतील ठराविक तोळा बरोबर १८० ग्रेनांचाच होता. हा तोळाभर ऐवज नळींतून सेकंदास सुमारें २७०० फूट वेगानें निघतो. वाटेंत हवा त्यास अडवीत असते. ३०० यार्डांवर पोंचेपर्यंत वेग २१०० फुटांच्या आसपास येतो; आणि आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती मूळच्या जेमतेम तीन-पंचमांश उरते.

आतां शिकारीची गोळी जनावराच्या अंगांत शिरल्यावर टोंकाशीं छत्रीसारखी उघडावी लागते. न उघडणारी गोळी बारीक भोंक पाडून आरपार निघून जाते, आणि जनावर ती जखम घेऊन दूरवर पळतें व कोठें तरी झुडपांत तडफडत पडतें. उघडलेली गोळी हृदय-फुप्फुसांत बसली तर कांहीं क्षणांतच त्याची शुद्ध हरपते. म्हणून अमेरिकेंतील अनेक राज्यांत हरणावर पूर्ण कवचाची लष्करी गोळी झाडण्यास मनाई आहे. नवल हें कीं, युद्धांत नेमका उलट नियम! कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघडणाऱ्या गोळ्या होऊं लागल्या, त्यांस गांवाचेंच नांव पडलें, आणि १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत त्या युद्धांत वापरूं नयेत असा जाहीरनामा निघाला. जखमी शिपायासाठीं इस्पितळ असतें. जखमी हरणासाठीं कोणतें इस्पितळ आहे?

खरी पंचाईत पुढेंच आहे. लांबवर मंदावलेल्या गोळीनेंही उघडावें म्हणून ती मऊ केली, तर तीच तीस पावलांवर पूर्ण वेगानें खांद्याच्या हाडावर बसतांच फुटून तिच्या ठिकऱ्या होतात, व घाव वरच्यावर राहतो. जवळच्यासाठीं ती कठीण केली, तर लांबवर ती उघडतच नाहीं. ऑरेगॉनमधील जॉन नॉस्लर ह्या गृहस्थांस १९४६ सालीं कॅनडांत हाच अनुभव आला. मूस नांवाच्या, घोड्याएवढ्या हरणाच्या चिखलानें माखलेल्या कातड्यावर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या. घरीं येऊन त्यांनीं जी गोळी घडविली, तिच्यांत तांब्याच्या कवचाच्या मधोमध त्याच धातूची एक आडवी भिंत ठेविली. पुढच्या खणांतलें शिसें मऊपणें उघडावें आणि मागच्या खणांतलें भिंतीआड शाबूत राहून खोल जावें. १९४८ सालीं ती बाजारांत आली आणि आजही विकली जाते. इतकी साधी युक्ति, पण जवळचें व लांबचें अशीं दोन्ही कामें दोन खणांत वांटून देण्याची ती कल्पना आम्हांस फार आवडली. पुढें शिसें कवचाशीं एकजीव केलेल्या गोळ्या निघाल्या, आणि १९८९ पासून निव्वळ तांब्याच्याही. तांब्याची गोळी आपलें वजन जवळजवळ सारें राखते. मात्र तिला उघडण्यास वेग थोडा अधिक लागतो, म्हणून ती जाणते लोक १८० ऐवजीं १५० किंवा १६५ ग्रेनांची घेतात.

जाहिरातींत मात्र भर असतो तो सुईसारख्या अणकुचीदार, हवा लीलया कापणाऱ्या गोळ्यांवर. कागदी निशाणावर त्या शोभतात. पण शेजारच्या गृहस्थांनीं आमचा सल्ला विचारला असता, तर आम्हीं गोळीच्या आधीं ताटलीची गोष्ट काढली असती. हरणाचें मर्मस्थान आठ इंचांच्या ताटलीएवढें. मैदानांत गुडघा टेकून, दम लागलेला असतां, ती ताटली जितक्या अंतरावर दर वेळीं फुटेल, तितकीच आपली मर्यादा. २०० यार्डांवर नेम जुळविलेली ही गोळी ३०० वर सुमारें आठ इंच खालीं उतरते आणि ४०० वर दोन फूट. अंतर मोजणारीं लेसर यंत्रें आतां मिळतात. पण ४०० यार्ड जाण्यास गोळीस अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यांत चरणारें हरीण एक पाऊल टाकतें, त्यास यंत्र काय करणार? ही मर्यादा ठरली कीं मग त्या अंतरावरचा वेग तक्त्यांत पाहावा. पुष्कळ गोळ्यांस उघडण्यास सेकंदास १८०० ते २००० फूट तरी लागतात. त्याहून तो बराच वर असला म्हणजे लांबचें काम झालें. नंतर जवळच्या हाडासाठीं भिंतीची, एकजीव केलेली किंवा तांब्याची, ह्यांपैकीं एक निवडावी. बहुतेकांची मर्यादा अडीचशें-तीनशें यार्डांच्या आंतच येईल, आणि तेथवर ह्या तिन्ही पुरेशा आहेत.

शिशाविषयीं मात्र आम्हांस आग्रहानें लिहावेंसें वाटतें. फुटणाऱ्या गोळीचे डोळ्यांस न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसांत पसरतात. शिकाऱ्यांनीं टाकलेलीं आंतडीं खाऊन कॅलिफोर्नियांतील काँडर गिधाडें शिशाच्या विषानें मरूं लागलीं. तेथें १ जुलै २०१९ पासून शिकारीस शिशाची गोळी सर्वस्वी बंद झाली आहे. माणसांचेंही तेंच. २००८ सालीं उत्तर डकोटांत गरिबांस वांटण्यासाठीं आलेला हरणाच्या मांसाचा खिमा शिशाचे कण सांपडल्यामुळें टाकून देण्यास सांगावें लागलें.

आमच्या भगिनींच्या पत्राच्या शेवटीं अशी ओळ आहे कीं, शेजारीण दर वर्षीं प्रेमानें मांसाचा डबा पाठवी, आणि सून तो परत कसा करावा म्हणून अवघडे. तो घ्यावा कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या घरच्या आचाराचा प्रश्न आहे. मात्र ज्या घरांत तो घेतला जातो, तेथें गोळी शिशाची कीं तांब्याची हें विचारण्यांत मुळींच संकोच करूं नये. आणि ती शिशाची असल्यास लहान मुलांच्या व गरोदर सुनेच्या पानांत, विशेषतः खिमा, वाढूं नये.