दुर्मिळ गाठीला नाव देणार कोण?

भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्याच्या मुळाशी बहुतांशी तंबाखू असते. त्यामुळे तोंडात वा मानेत गाठ म्हटली, की संशयाची सुई प्रथम तंबाखूकडेच वळते. हा तर्क बहुधा खराही ठरतो. पंचाईत होते ती या चौकटीत न बसणाऱ्या मोजक्या रुग्णांची.

वयात येणाऱ्या मुलाचे एका बाजूचे नाक सतत चोंदते, वारंवार घोळणा फुटतो. घरचे दोष उन्हाळ्यावर ढकलतात. क्वचित त्यामागे अँजिओफायब्रोमा ही रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ असते. ती कर्करोगाची नव्हे. पण घाईने तिचा तुकडा काढला तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. मेंदूकडे रक्त नेणारी धमनी मानेत जेथे दुभंगते, तेथे वाढणाऱ्या पॅरागँग्लिओमाचेही तसेच. ‘आधी तुकडा तपासा’ हा एरवीचा नियम येथे अंगाशी येतो. निदानाची भिस्त सीटी स्कॅन व एमआरआयवर ठेवावी लागते.

इतर दुर्मिळ गाठींची कसोटी मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच लागते. लाळग्रंथींचा ‘सिक्रेटरी कार्सिनोमा’ २०१० मध्ये वेगळा ओळखला गेला. तोवर अशा अनेक गाठी दुसऱ्याच नावाने नोंदल्या जात. त्यांत बहुधा ईटीव्ही६ व एनटीआरके३ ही जनुके एकमेकांना जोडली गेलेली असतात. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेले लॅरोट्रेक्टिनिब हे औषध अशाच जोडणीवर काम करते. नाव चुकले तर या औषधाचा विचारही होत नाही. अत्यंत आक्रमक असा ‘नट कार्सिनोमा’ तर नेहमीच्या कर्करोगासारखाच दिसू शकतो. त्याची खास चाचणी मुद्दाम करावी लागते, तीही कोणाला शंका आली तर.

अशी शंका येण्यासाठी सरावलेला डोळा हवा आणि तो मोठ्या केंद्रांतच घडतो. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने ३०० हून अधिक संस्था जोडल्या आहेत. रुग्णाआधी त्याच्या काचपट्ट्या आणि मेणाच्या ठोकळ्यातील नमुना तज्ज्ञापर्यंत पोहोचणे केव्हाही स्वस्त. पण हा ठोकळा मागून घेता येतो, हेच कित्येक कुटुंबांना कोणी सांगत नाही. ती अहवालाची झेरॉक्स घेऊन निघतात आणि परळला पोहोचल्यावर नमुन्यासाठी पुन्हा गावाकडे फेरी पडते.