लिएपायाचा खेळाडू आणि खेळाचा बाजार

युरोपातील फुटबॉलपटूंच्या पगाराचे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले की आपल्या चळवळीतील पुष्कळ साथींची एक ठरलेली प्रतिक्रिया होते. ज्यांना आठवड्याला लाखो रुपये मिळतात त्यांच्या सुखदुःखाशी कष्टकऱ्यांच्या चळवळीला काय कर्तव्य, असे म्हणून ते पान उलटतात. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, परंतु ती बरोबर नाही. व्यावसायिक फुटबॉल हा आज एक जागतिक उद्योग झालेला आहे आणि त्या उद्योगात माणसाची श्रमशक्तीच नव्हे, तर करारबद्ध माणूसच एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे किंमत घेऊन दिला जातो. या व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर मेस्सी-रोनाल्डोंकडे पाहून उपयोग नाही. त्यासाठी लॅटव्हियासारख्या छोट्या, गरीब आणि सीमेवरच्या देशातून बाहेर पडलेल्या एखाद्या आघाडीच्या खेळाडूची कारकीर्द पाहिली पाहिजे.

लॅटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश. १९८९ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे सव्वीस लाख सत्तर हजार होती. २०२१ च्या जनगणनेत ती एकोणीस लाखांच्याही खाली आली. युद्ध नाही, दुष्काळ नाही, आणि तरीही तीस-बत्तीस वर्षांत देशाचा चौथा हिस्सा नाहीसा झाला. काही सोव्हिएत संघराज्य कोसळल्यावर पूर्वेकडे परतले, काहींच्या घरी मुले जन्मली नाहीत आणि फार मोठा वर्ग पोटासाठी पश्चिमेकडे गेला. या शेवटच्या प्रवाहातच लॅटव्हियाचे फुटबॉलपटूही होते. त्यांच्या प्रवासाला विमानाचे तिकीट आणि छायाचित्रकार लाभले, एवढाच काय तो फरक.

या प्रवासातले पहिले ठळक नाव मारियन्स पाहार्सचे. रीगाच्या स्कोन्टो क्लबचा हा बुटका, चपळ खेळाडू मार्च १९९९ मध्ये आठ लाख पौंडांना इंग्लंडमधील साउदम्प्टन क्लबाने घेतला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणारा तो पहिला लॅटव्हियन. साउदम्प्टन त्या वेळी खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, १६ मे १९९९ रोजी, एव्हर्टनविरुद्ध पाहार्सने दोन गोल केले, सामना २-० असा जिंकला गेला आणि क्लब वरच्या श्रेणीत टिकला. या दोन गोलांचे मोल आठ लाख पौंडांच्या कित्येक पट होते हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. पुढची दोन-तीन वर्षे त्याने भरपूर गोल केले. मग घोटा गेला, गुडघा गेला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. २००६ मध्ये क्लबाने त्याला मोकळे केले. वय वर्षे एकोणतीस. पुढे सायप्रस, मग पुन्हा मायदेश. कोणत्याही कारखान्यात एकोणतिसाव्या वर्षी कामगार निकामी ठरू लागला तर आपण तेथे तपासणी समिती मागितली असती.

इंग्लिश फुटबॉलपटूला हे सर्व नवे नाही. १९६१ च्या जानेवारीपर्यंत तेथे खेळाडूच्या पगारावर आठवड्याला वीस पौंडांची कमाल मर्यादा होती. संपाची नोटीस दिल्यावरच ती उठली, आणि ती उठविणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष जिमी हिल हा स्वतः मैदानावर घाम गाळणारा खेळाडू होता. करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवण्याचा मालकांचा हक्क जॉर्ज ईस्टहॅमने न्यायालयात नेला आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी तो अन्याय्य ठरविला. पुढचा टप्पा गाठावयास बत्तीस वर्षे लागली. बेल्जियमच्या लिएज क्लबातील जाँ-मार्क बोस्मान याचा करार १९९० मध्ये संपला, तरी फ्रान्समधील क्लबाकडे जाण्यासाठी त्याच्यावर किंमत लावण्यात आली. तो लढला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाने शेकडो खेळाडू श्रीमंत झाले. बोस्मानची स्वतःची कारकीर्द मात्र त्या लढ्यात संपली.

पण बोस्मानच्या निकालाचा लाभ युरोपीय संघाच्या नागरिकांना होता. १९९९ मधला पाहार्स त्या कुंपणाबाहेरचा होता. त्याला कामाचा परवाना लागला. १ मे २००४ रोजी लॅटव्हिया संघात सामील झाला आणि कुंपण सरकले. १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर, ते पुन्हा पहिल्या जागी आले आणि लॅटव्हियन खेळाडूला आता इंग्लंडमध्ये गुणांच्या तक्त्यावर आपली लायकी सिद्ध करावी लागते. खेळाडू तोच, खेळ तोच. भांडवलाला सोयीचे असेल तेव्हा श्रमाला सीमा नसते आणि सोयीचे नसेल तेव्हा असते, याचे याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मारिस वेर्पाकोव्स्किसकडे येऊ. हा १९७९ चा जन्म, लिएपाया या बंदराच्या गावचा. लिएपायाच्या उत्तर भागात झारच्या काळापासून नौदलाचा तळ होता आणि सोव्हिएत काळात तो भाग सामान्य माणसाला बंद होता. गावाचे खरे पोट चालत होते ते पोलादाच्या कारखान्यावर. १८८२ मध्ये तारा ओढण्याचा कारखाना म्हणून सुरू झालेला हा उद्योग पुढे ‘लिएपायास मेटालुर्ग्स’ या नावाने ओळखला गेला. त्याच नावाचा फुटबॉल क्लब कारखान्याच्या पैशावर उभा होता आणि वेर्पाकोव्स्किस तेथेच वाढला. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरचे घड्याळ लागत असे त्या वाचकांना अशा गावाचे वर्णन अधिक करून सांगावयास नको.

लिएपायाहून तो रीगाच्या स्कोन्टोत गेला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये साऱ्या युरोपला त्याचे नाव कळले. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत प्रवेशासाठी लॅटव्हियाची गाठ तुर्कस्तानशी पडली होती. तुर्कस्तान त्याआधीच्या विश्वचषकात तिसरा आलेला. रीगात १-० असा विजय झाला, गोल वेर्पाकोव्स्किसचा. चार दिवसांनी इस्तंबूलमध्ये दोन गोलांनी मागे पडूनही २-२ अशी बरोबरी झाली आणि बरोबरीचा तो दुसरा गोलही त्याचाच. पोर्तुगालमध्ये २००४ च्या जूनमध्ये त्याने झेक संघाविरुद्ध पहिला गोल केला, जरी सामना १-२ असा गेला. पुढच्या सामन्यात जर्मनीला ०-० असे रोखले. त्या सामन्यात जर्मन बचावफळी भेदून एकट्याने धावलेला वेर्पाकोव्स्किस ज्यांनी पाहिला ते तो विसरणार नाहीत. बाल्टिक देशांपैकी या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला लॅटव्हिया हा एकमेव देश आहे. त्या संघात लॅटव्हियन बोलणारे होते तसे रशियन बोलणारेही होते. नागरिकत्वाच्या आणि भाषेच्या प्रश्नावर दुभंगलेल्या त्या देशात एका मैदानावर का होईना हे दोघे एकत्र आले होते. राजकीय पुढाऱ्यांना जे साधले नाही ते प्रशिक्षक आलेक्सांद्रस स्टार्कोव्स यांना नव्वद मिनिटांपुरते साधले.

त्या वर्षाच्या सुरुवातीसच डायनामो कीव्हने वेर्पाकोव्स्किसला घेतले होते. नोव्हेंबर २००४ मध्ये कीव्हला रेआल माद्रिदशी २-२ अशी बरोबरी झाली त्यात त्याचा एक गोल होता. आणि तेथून पुढे जी वाट सुरू होते तिच्याकडे क्रीडापत्रकार सहसा लक्ष देत नाहीत. २००७ मध्ये तो स्पेनच्या गेटाफेला उसना दिला गेला. मग क्रोएशियाच्या हायदुक स्प्लिटला उसना. मग पुन्हा स्पेनमध्ये व्हिगोच्या सेल्टाला उसना. तेथून ग्रीसच्या क्रीट बेटावरील एर्गोटेलिस, तेथून अझरबैजानमधील बाकू. ‘उसना’ हा शब्द आपण पीठमीठ किंवा शिडीसाठी वापरतो. येथे तो माणसासाठी वापरला जातो आणि कोणास त्यात वावगे वाटत नाही. नवे गाव, नवी भाषा, मुलांची नवी शाळा, नवा प्रशिक्षक, आणि वर्ष संपताच पुन्हा गाठोडे. मोठ्या क्लबांनी डझनावारी तरुण खेळाडू विकत घेऊन असे वाटत सुटण्याचा धंदा इतका वाढला की अखेर २०२२ पासून फीफाला उसनवारीवर संख्येची मर्यादा घालणे भाग पडले.

याच वर्षांत मागे, घरी, काय चालले होते? २००८ मध्ये लॅटव्हियातील पारेक्स बँक कोसळली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि युरोपीय संघाने साडेसात अब्ज युरोंचे कर्ज दिले ते अटींसह. राष्ट्रीय उत्पन्न पाचव्या हिश्श्याहून अधिक घसरले. शिक्षकांचे पगार कापले गेले, रुग्णालये बंद झाली, आणि बाहेरच्या अर्थपंडितांनी या ‘शिस्तीचे’ कौतुक केले. ज्यांना शिस्त लावली गेली ते आयर्लंडमधील अळंबीच्या शेडमध्ये आणि इंग्लंडमधील भाजी बांधण्याच्या कारखान्यांत जाऊन पोचले होते. लिएपायाच्या पोलाद कारखान्याने सरकारी हमीवर कर्ज काढून २०११ मध्ये नवी विद्युत्‌भट्टी बसविली. दोन वर्षांत, २०१३ मध्ये, कारखान्याचे दिवाळे वाजले. हमी सरकारच्या, म्हणजे जनतेच्या, गळ्यात पडली. कामगार रस्त्यावर आले आणि कारखान्यामागोमाग क्लबही गेला. हा तोच क्लब, ज्याने २००५ मध्ये स्कोन्टोची सलग चौदा विजेतेपदांची मालिका तोडली होती! पुढे युक्रेनमधील एका समूहाने कारखाना घेतला, आणि २०१६ मध्ये तोही बुडाला. त्याच वर्षी रीगात स्कोन्टोही कर्जात बुडून नाहीसा झाला. खेळाडूंचे पगार थकले होते. आघाडीचा तरुण खेळाडू व्लादिस्लाव्स गुत्कोव्स्किस त्याच वर्षाच्या आरंभी पोलंडमधील निएचेचा नावाच्या खेड्यातील क्लबात गेला. देशाच्या राजधानीतील सर्वांत यशस्वी क्लबापेक्षा परदेशातील खेडे अधिक भरवशाचे ठरावे, यापलीकडे आणखी काय सांगावयाचे?

तेव्हा ‘पैशासाठी देश सोडला’ हा आरोप येथे टिकत नाही. खेळाडू मैदान सोडून गेला नाही; मैदानच त्याच्या पायाखालून विकले गेले.

काही जुने साथी यावर म्हणतील की सोव्हिएत काळात असे नव्हते. खरे आहे, तसे नव्हते. खेळाडू कागदोपत्री हौशी होता, त्याचे नाव कारखान्याच्या, पोलिसांच्या नाहीतर सैन्याच्या हजेरीपटावर असे आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत परदेशी खेळावयास जाण्याची त्याला मोकळीक नव्हती. उपासमार नव्हती, तसा नकाराचा हक्कही नव्हता. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे समाजवाद्यास काही कारण नाही. जाण्याचे स्वातंत्र्य हे श्रमिकाचे स्वातंत्र्य आहे आणि ते बोस्मानने मिळविले ते योग्यच झाले. प्रश्न राहतो तो मागे उरणाऱ्यांचा.

आणि प्रश्न राहतो तो वरच्या झगमगाटाखाली दबलेल्या हजारोंचा. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, फिफ्प्रोने, २०१६ मध्ये सुमारे चौदा हजार व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी केली. त्यांपैकी ४१ टक्के खेळाडूंना मागील दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता. ४५ टक्क्यांची कमाई महिन्याला एक हजार डॉलरहून कमी होती. ‘लाखो रुपये मिळविणारा फुटबॉलपटू’ असे ज्याला आपण समजतो तो या यादीत अपवाद आहे. नियम आहे तो पगाराची वाट पाहणारा.

फीफाच्या नियमांत मागे उरणाऱ्यांसाठी एक तरतूद आहे. करार चालू असताना खेळाडूची बदली पैसे देऊन झाली तर त्या रकमेचे पाच टक्के, त्याला बारा ते तेवीस या वयात ज्यांनी घडविले त्या क्लबांत वाटले जातात. वसुलीतील लबाडी थांबावी म्हणून २०२२ च्या अखेरीस पॅरिसमध्ये त्यासाठी एक स्वतंत्र संस्थाही उघडली गेली. पण पाच टक्के! दलाल याहून कितीतरी अधिक घेऊन जातो. शिवाय करार संपवून खेळाडू मोकळा झाला तर तेवढेही नाही, कारण मग बदलीची रक्कमच उरत नाही. अर्थात मालक मंडळी हेच निमित्त करून ‘मग जुनी बंधने परत आणा’ असे म्हणू लागतात आणि लहान क्लबांच्या अश्रूंमागे लपून मोठ्यांचा धंदा राखतात. त्यास बळी पडता कामा नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासाना दियारा या फ्रेंच खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने फीफाच्या बदली-नियमांतील काही कलमे कायद्याविरुद्ध ठरविली, त्यामुळे साऱ्या नियमांची फेरमांडणी करणे आता भागच आहे. खेळाडूंच्या संघटनांनी या संधीत दोन मागण्या एकत्र बांधल्या पाहिजेत: पगार थकविणाऱ्या क्लबाला स्पर्धेबाहेर ठेवणे, आणि खेळाडू घडविणाऱ्या गावाचा वाटा वाढवून तो करार संपल्यानंतरच्या बदलीतही वसूल करणे. हा वाटा घ्यावयाचा तो नव्या मालकाच्या दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातून. खेळाडूच्या पगारातून नव्हे.

वेर्पाकोव्स्किस २०१४ मध्ये लिएपायास परतला. कारखान्याचा क्लब बुडाल्यावर गावाने नव्याने उभा केलेल्या एफ. के. लिएपाया या क्लबात तो खेळला, आणि २०१५ मध्ये त्या क्लबाने देशाचे विजेतेपद मिळविले. लॅटव्हियासाठी १०४ सामने आणि २९ गोल हा त्याचा हिशेब; देशातर्फे सर्वाधिक गोल त्याचेच. बूट काढून ठेवल्यावर त्याने त्याच क्लबाच्या कारभाराची जबाबदारी अंगावर घेतली.