नहपानाचा चेहरा पुसलेला नाही

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाची नाणी गोळा करवली, त्यांवर आपला ठसा मारला आणि शत्रूचे नाव कायमचे पुसून टाकले, असे गिरगाव-दादरच्या व्याख्यानांत आजही छातीठोकपणे सांगितले जाते. टाळ्याही पडतात. परक्या क्षत्रपाचा नक्षा उतरवणारा आपल्या मातीतला राजा, हे चित्र कुणालाही आवडेल असेच आहे. पण नाणी समोर ठेवली की ते टिकत नाही.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, मुळात सगळी नहपानाची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांची छाननी केली आणि फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये असलेल्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा आहे: एका बाजूला कमानींचा डोंगर आणि भोवती ब्राह्मीत त्याचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. उरलेल्या हजारो नाण्यांना मात्र हातही लावलेला नाही. नाव पुसण्याची राजाज्ञा होती म्हणावे, तर ही बिनठशाची नाणी ठसा मारलेल्यांच्या सोबतीने कशी साठवली गेली? ज्याने हा ठेवा पुरला त्याला दोन्ही चांदी सारखीच वाटत होती. शिवाय ठसा मारणाऱ्यानेही खालचे सारे झाकण्याची दक्षता घेतलेली नाही. कित्येक नाण्यांवर डोंगराच्या कडेने नहपानाचे नाक, हनुवटी, किनारीवरची मोडकी ग्रीक अक्षरे स्वच्छ दिसतात. ज्याला नाव मिटवायचे आहे तो असे काम करत नाही. त्याच्या हाताशी मूस असते.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा नाशिकच्या लेण्यात आहे, आणि तो टाळून चालणार नाही. लेणे क्रमांक ३ मधल्या गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाला, म्हणजे गौतमीपुत्राला, नहपानाचा क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटले आहे. पण हा लेख गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षातला आहे. आईने मुलाच्या पराक्रमाची गायलेली ती प्रशस्ती आहे. खुद्द गौतमीपुत्राची १८ व्या वर्षाची आज्ञा त्याच लेण्यात आहे. तीत २०० निवर्तने जमीन भिक्षूंना देताना पूर्वी ती उषवदाताकडे होती, हे सरळ नोंदवले आहे. उषवदात हा नहपानाचा जावई. महसुली कागदात शत्रूच्या जावयाचे नाव लिहिताना ज्याला अडचण वाटली नाही, त्याला नाण्यावरच्या चेहऱ्याची धास्ती वाटत होती हे मला पटत नाही.

मग ठसा कशासाठी? त्याचे उत्तर उषवदाताच्याच दानलेखात शोधावे. त्याने गोवर्धनच्या, म्हणजे आजच्या नाशिक परिसरातल्या, विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले होते. २,००० वर दरमहा शेकडा एक, १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज. त्यातून भिक्षूंची वस्त्रे व्हायची. हे कार्षापण म्हणजे बहुधा हीच नाणी. ज्या मुलखात अशा ठेवी, असे व्याज आणि असा विश्वास चालू आहे, तिथे जिंकणाऱ्याने चलनच रद्द केले तर विणकर, व्यापारी, विहार सगळेच बुडाले असते. दोनेक ग्रॅमची, घडवून तयार असलेली चकती वितळवायची, पुन्हा तोलून पाडायची, यात वेळ जातो आणि चांदीही. गौतमीपुत्राने लोकांचा पैसा लोकांच्या हातात राहू दिला आणि आता सत्ता कोणाची हे त्यावर लिहिले. मला हा राज्यकारभार सूडापेक्षा फार मोठा वाटतो.

ही पद्धत त्याने शोधलेली नाही. नहपानाच्या नाण्याचा घाटच मुळी इंडो-ग्रीक द्रम्मावरून आलेला. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गवर्णनाचा लेखक सांगतो की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रम्म त्याच्या काळीही चालत होते. इंडो-ग्रीक राजांनीही एकमेकांच्या नाण्यांवर ठसे मारले. दुसऱ्या हेलिओक्लीसने स्ट्रेटोच्या नाण्यांवर मारला, पुढे शक राजा अझेसने दुसऱ्या अपोलोडोटसच्या आणि हिप्पोस्ट्रॅटसच्या नाण्यांवर. पहिल्या उदाहरणात ग्रीकानेच ग्रीकावर ठसा मारला आहे. म्हणजे देशी-परकी हा झगडा त्यात शोधण्यात अर्थ नाही.

उलट, या दुहेरी ठशांमुळेच इतिहासाला पाय मिळाले. बहुतेक इंडो-ग्रीक राजांची नावे कुठल्या ग्रंथात नाहीत, फक्त नाण्यांवर आहेत. खालचा राजा आधीचा किंवा समकालीन, वरचा त्याच्या आधीचा असू शकत नाही, एवढे ठसा ठामपणे सांगतो. मधे किती वर्षे गेली ते सांगत नाही. नहपानाच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची की दुसऱ्या कशाची, यावर विद्वानांत मोठा वाद आहे. ती कुठलीही धरा, जोगलटेंभीच्या नाण्यांवरचा क्रम बदलत नाही.

म्हणूनच नाण्यांच्या बाजारात ‘डबल ठसा, खराब माल’ म्हणून अशी नाणी बाजूला सारली जातात, किंवा वरचा ठसा उजळ दिसावा म्हणून घासली जातात, याची मला चीड येते. ज्या बारीक उंचवट्यावर खालच्या राजाचे नाव उरले आहे तोच आधी झिजतो. संग्राहकांनी ही नाणी घासू नयेत. सूचीत आणि प्रदर्शनात फक्त वरच्या राजाचे नाव लिहून थांबू नये. नाणे कलते धरून, खालचा चेहरा सुलट दिसेल असे दुसरे छायाचित्रही द्यावे.

आणि सूडाची गोष्ट सांगणाऱ्यांनी सोपाऱ्याचे नाणे विसरू नये. १८८२ साली वाळकेश्वरला राहणाऱ्या भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, त्यात पुढच्या काळातल्या सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्यावर राजाचा चेहरा आहे. चांदीच्या नाण्यावर राजाचा चेहरा कोरण्याची ही रीत सातवाहनांनी क्षत्रपांकडूनच उचललेली होती.